गेममधला कॅप्टन

पोराला पाच वर्षं द्यायची तुमची कोणाचीच तयारी नसते. अकोल्याविरुद्ध तीन गोल खाल्ले, म्हणून आमच्या अमरावतीच्या कॉलेजने माझ्या मित्राला, गोलकीपर प्रज्वलला, सतराव्या वर्षी टीममधून काढलं. त्याचं खेळणं तिथंच सुटलं. मी मोबाईलवर फुटबॉल टीम सांभाळायचा गेम खेळतो. त्यात त्याच्याच नावाचा, त्याच वयाचा गोलकीपर घेतला. दोन हंगाम त्यानेही धडाधड गोल खाल्ले. मी त्याला बाहेर बसवलं नाही. पाचव्या हंगामात तो कॅप्टन झाला.

परवा वरूडला, प्रज्वल कामाला आहे त्या संत्र्याच्या पॅकिंगवर जाऊन त्याला ते दाखवलं. त्याने पहिल्यापासूनचे सगळे हंगाम पाहिले.

“एवढे गोल खाल्ले तरी मले काढलं नाही?”

“नाही ना बे.”

मागून मुकादमाने मोबाईलमध्ये डोकावून त्याला विचारलं, “एवढा कॅप्टन हायेस, तं इथं पेट्या काहून भरून राहिला?”