बाहेरच्या दुकानातलं बदक

आई — नको, उभीच बरी आहे.

बाबा — बाक लांब आहे गं. तू त्या टोकाला बस, मी या टोकाला बसतो. मध्ये अख्खं कुटुंब मावेल.

आई — तुम्हालाही आजच बोलावलंय हे मला माहीत नव्हतं.

बाबा — मला तरी कुठे माहीत होतं? जिन्यात तुझी पावलं ऐकली तेव्हा वाटलं, भास झाला. हल्ली होतात.

आई — कोणाकडून आलात?

बाबा — ते मंडळ आहे ना, आजारी मुलांच्या आईबापांचं. ते म्हणतात, फोनमध्ये कंपनीच्या दुकानातलीच ॲप घ्यायची ही सक्ती नको. दुसरी दुकानंही चालली पाहिजेत, आणि तसं कायद्यात लिहा. समितीसमोर कुणीतरी भोगलेला माणूस हवा म्हणाले. मी भोगलेला. तू कोणाकडून?

आई — आले आपली.

बाबा — कंपनीच्या वकिलाकडून ना?

आई — त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

बाबा — वा. एकाच पोरीचे आईबाप, एक या पारड्यात, एक त्या पारड्यात. समितीची चांगली सोय झाली.

आई — टोमणेच मारायचे असतील तर मी खाली जाऊन थांबते.

बाबा — नको. थांब. नाही मारत.

शिपाई — हं, सुनावणीचे साक्षीदार कोण? दोघंही? हे पास गळ्यात घाला. उलटे घालू नका, फोटो दिसला पाहिजे.

बाबा — यावर फोटो नाहीच.

शिपाई — ज्यावर असतो त्यावर दिसला पाहिजे. बाई, आपण यांच्या कोण?

आई — मी मुलीची आई.

शिपाई — आणि आपण?

बाबा — मुलीचा बाप.

शिपाई — म्हणजे मिस्टर-मिसेस. मग यादीत दोन वेगळ्या बाजूंना कसे? टाइप करणाऱ्याने घोळ घातला वाटतं. दुरुस्त करून आणू?

बाबा — राहू द्या. बरोबर आहे ते.

शिपाई — मुलगी आलीय का बरोबर?

आई — नाही.

शिपाई — बरं झालं. लहान मुलांना आत सोडत नाहीत, मग बाहेर रडारड होते. साहेब लोकांचं जेवण झालं की हाक मारतो. आणि मोबाईल आत चालत नाही. बंद करून त्या पेटीत टाकायचा. नंतर कुरकुर नको, म्हणून आधीच सांगतो.

आई — त्याच्याकडे असं बघू नका. त्या बिचाऱ्याला काय माहीत?

बाबा — मी कुठे काय म्हणतोय? तू आत काय सांगणार आहेस ते सांग.

आई — मी औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असते, तेच सांगणार. सील तुटलेली बाटली मी गिऱ्हाइकाला देत नाही. आतलं औषध चांगलं असेलही, तरी नाही देत. लोक बाटली बघून घेत नाहीत, आमच्यावर विसंबून घेतात. फोनचंही तसंच आहे. कुणीतरी तपासून दिलेलं असावं. कोण कुठला रस्त्यावर पथारी टाकून बसलेला, त्याच्याकडून पोरीच्या जिवाची वस्तू घ्यायची नाही.

बाबा — आपलं ते बाहेरचं ॲप बनवणारा पथारीवाला नव्हता. त्याच्याही मुलाला लहानपणापासून डायबेटिस होता, आपल्या टिल्लूसारखाच. आणि तुझ्या तपासलेल्या दुकानात काय होतं? टिल्लूची साखर उतरली की टिल्लूच्याच फोनवर पिपाणी वाजायची. म्हणजे बेशुद्ध पडत चाललेल्या पोरीने स्वतःच उठून ऐकायचं! माझा फोन जुना म्हणून माझ्याकडे ते येतच नव्हतं. या माणसाने साखर मोजणारा सेन्सर ठेवला पोरीच्या दंडावर आणि आवाज आणून ठेवला बापाच्या खिशात. कंपनीने ते दुकानात घेतलं नाही. का, तर वापरणारे मूठभर.

आई — बदकाचा आवाज.

बाबा — हो, बदकाचा.

आई — तिनेच निवडला होता. म्हणाली, घंटा ठेवली तर बाबांना वाटेल दुसऱ्याच कुणाचा फोन. बदक ओरडलं तर ते आपलंच असणार.

बाबा — एकदा मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोर तपासत होतो आणि बदक ओरडलं. वरून साहेब बोंबलले, अरे, पक्षी अडकलाय, आधी त्याला काढा!

आई — हे मला नव्हतं सांगितलं कधी.

बाबा — तिला सांगितलं होतं. आठवडाभर हसत होती. जेवताना मध्येच "पक्षी अडकलाय" म्हणायची आणि घास ठसका लागून बाहेर.

आई — तरीच. मी रागवायचे तिला, जेवताना काय खिदळतेस म्हणून.

बाबा — लिफ्टचं दार बाहेरून उघडत नाही, माहिती आहे ना? उघडू नये म्हणूनच केलेलं असतं, नाहीतर माणसं खड्ड्यात पडतील. पण दाराला वर एक बारीक भोक असतं. त्याची चावी आमच्याकडे असते. आत कुणी कोंडलं तर त्याने काय कंपनीची वाट बघत बसायचं? मी आत एवढंच सांगणार. दार हवं तेवढं पक्कं करा. पण भोक ठेवा.

आई — आणि चावी चोराच्या हाती लागली तर?

बाबा — तर काय?

आई — लागलीच ना.

बाबा — आणि ती सहल विसरलीस? नदीकाठची? तंबूत पोरी झोपलेल्या, हिचा फोन दप्तराच्या तळाला. कंपनीची पिपाणी दप्तरातल्या दप्तरात वाजून गेली असती. बदक इथे, आपल्या घरात ओरडलं. मी बाईंना फोन लावला. बाईंनी हिला हलवलं तर ही डोळे उघडेना. इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे "आई" म्हणाली. तू फोनला कान लावून रडत होतीस.

आई — नऊ वर्षांची होती.

बाबा — आणि पुढे बारा वर्षांची झाली. मधली तीन वर्षं आपल्याला कुणी दिली? त्या बाहेरच्या दुकानाने दिली.

आई — आणि नेली कुणी?

बाबा — हे बघ...

आई — भांडायला नाही विचारत. खरंच विचारते. कुणी नेली?

बाबा — तज्ज्ञांनी लिहिलंय ना अहवालात. एक म्हणतो, नवीन आवृत्ती आली असं दाखवणारं दुकानच नकली होतं. पाटी हुबेहूब, आत भेसळीचा माल. मी बोट दाबलं आणि बदक मुकं झालं. दुसरा म्हणतो, माल ठीक होता, फोनच्याच रखवालदाराने बाहेरचं ॲप म्हणून त्याला त्या रात्री झोपवून टाकलं. तिसऱ्याने सही ठोकली, निश्चित सांगता येत नाही.

आई — ते वाक्य मला पाठ झालंय. बाटल्या लावताना, बसमध्ये, कुठेही येतं मनात. निश्चित सांगता येत नाही.

बाबा — तुला येतं की सांगता. त्या सकाळी तू तिच्या खोलीतून बाहेर आलीस आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघितलंस. माझ्याकडे नाही. तेव्हाच मला काय ते कळलं. मग तू भावाकडे निघून गेलीस. आज चारचौघांत सांगशील, यांनी बोट दाबलं म्हणून. सांग. मी अडवणार नाही. खोटं थोडंच आहे?

आई — वर्षभर तुम्हाला हे वाटत होतं?

बाबा — दुसरं काय वाटायचं?

आई — अहो असं कसं... फोनकडे बघितलं, कारण तुमच्याकडे बघवेना. शर्ट उलटा, एका पायात चप्पल, तोंडातून आवाज नाही. मला वाटलं, एक गेली, आता हा माणूसही जाणार. घरात राहून मला ते बघवलं नसतं. म्हणून पळाले. भ्याले मी.

बाबा — मला वाटलं, तोंड बघायचं नाही म्हणून गेलीस.

आई — वकिलाला मी एकच अट घातली. बोट कुणी दाबलं हे विचारायचं नाही. मुलीचं ॲप नवं मागतंय म्हटल्यावर कुठल्याही बापाने दाबलं असतं. तिच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं दाबलंत तुम्ही. मी सांगणार, चूक त्या भोकाची. भोकच नसतं तर दाबायची वेळच आली नसती. तुमच्यावर कुणी ठपका ठेवू नये म्हणून आलेय मी इथे. तुम्ही स्वतःसुद्धा ठेवू नये म्हणून.

बाबा — भोकच नसतं तर ती त्या तंबूतून उठली नसती गं.

आई — कळतं मला. न कळायला मी काय खुळी आहे? भोक बुजवा म्हटलं की ती नऊ वर्षांची जाते. ठेवा म्हटलं की बारा वर्षांची जाते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे आपलीच पोर. म्हणून तर मघापासून उभी आहे.

बाबा — बस आता. पाय दुखले असतील. पाणी आणतो.

आई — पाणी नको. बसते.

बाबा — तसं बघितलं तर बैल गेला नि झोपा केला, अशातली गत. समितीने भोक ठेवलं काय नि बुजवलं काय, आपल्याला काय फरक पडतो?

आई — दुसऱ्यांच्या पोरी आहेत ना अजून.

बाबा — हो. आहेत.

शिपाई — चला, पहिला साक्षीदार! साहेब, तुमचंच नाव वर आहे. मोबाईल बंद करा आणि पेटीत टाका.

बाबा — बंद नाही करता यायचा.

शिपाई — बटण बिघडलंय का? द्या, मी दाबतो.

बाबा — हात लावू नका! बंद करून चालू केला की तो अनोळखी ॲप शोधतो आणि विचारतो, काढून टाकू का? कधीकधी विचारतही नाही, काढून मोकळा होतो. वर्षभर बंद केलेला नाही मी हा.

शिपाई — साहेब, नियम म्हणजे नियम. मला नोकरी आहे.

बाबा — मग लिहा, साक्षीदार आला नाही.

आई — थांबा. तुम्ही ते काढलं नाहीत अजून? जाताना शेवटचं तेच सांगितलं होतं मी, त्या बदकाला घरातून घालवा म्हणून.

बाबा — नाही झालं माझ्याच्याने.

आई — पण ते तर मुकं झालं होतं.

बाबा — तिला नेल्यावर दोन-चार दिवसांनी परत बोलायला लागलं. का मुकं झालं, का बोललं, कुणास ठाऊक.

आई — आता काय बोलतं ते? आता कुणाची साखर...

(फोनमधून बदक ओरडतं.)

शिपाई — अरे बापरे! हे काय आणलंय?

बाबा — शाळा सुटायची वेळ झाली. या वेळेला ते तिला शोधतं. सापडली नाही की ओरडतं, सिग्नल नाही म्हणून. बाकी वेळी मी आवाज बंद ठेवतो. ही एक वेळ ठेवलीय.

आई — परत नाही का ओरडणार?

बाबा — आता उद्या.

शिपाई — बाई, रडू नका. मी काही मुद्दाम... पण आत सगळे खोळंबलेत हो.

आई — फोन माझ्याकडे द्या. मी धरते.

शिपाई — पण यांच्यानंतर तुमचीच पाळी आहे.

आई — तेव्हा हे बाहेर असतील. तेव्हा हे धरतील. आत न्यायचा नाही, एवढाच नियम आहे ना?

शिपाई — तसं बघितलं तर बसतं नियमात.

बाबा — बाजूच्या बटणाला हात लावू नकोस.

आई — नाही लावत. गरम आहे हा.

बाबा — बॅटरी संपत आलीय त्याची. घरी सारखा चार्जिंगला असतो.

आई — आत जाऊन भोक ठेवा म्हणणार ना?

बाबा — म्हणणार. तू?

आई — मी बुजवा म्हणणार.

बाबा — म्हण. पटतंय ते म्हण.

शिपाई — साहेब, चला ना.

आई — अहो.

बाबा — काय गं?

आई — माझ्या फोनमध्ये येईल का हे?

बाबा — नाही. तुझा नवा आहे, तो बाहेरचं घेतच नाही. आणि त्या माणसानेही दुकान गुंडाळलं. आता काय ते एवढंच उरलंय.

आई — मग हे ओरडलं की मला फोन करत जा.

बाबा — रोज ओरडतं ते.

आई — रोज करा.