गच्चीवरचा बन्सी आणि फायबरचं चिलखत

हॅलो? … हां, बन्सी! ऐकू येऊ राहिलं, बोल… अरे मी, आशाआक्का. माह्या फोनवर दुसरं कोण बोलीन? … वरडू नको, कान फुटू राहिला माहा. फोन मुखवट्याच्या आतच बसवलाय ना बद्रीनाथनं. नुसता पुटपुटला तरी पोचतंय मला.

काय म्हणतो? … खालचं दिसंना? मान वाकंना? … बरं, बरं. मी सांगते तुला.

तर पाह्य… तू दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर. … अरे हो, ते माहीत हाय तुला, पण ऐक ना! मी खाली, विटांच्या ढिगापाशी. तात्यासाहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेत. सिनेमा त्यांचा, बिल्डिंग त्यांची, खुर्ची बी त्यांचीच. बद्रीनाथ कॅमेऱ्याला डोळा लावून. अन् गर्दी तर इचारूच नको, सगळी गल्ली गोळा झाली.

कोण हसतंय? … कोणी हसंना रे बाबा. आ वासून पाहू राहिले सगळे. लोकाला वाचवणारा हिरो दिसू राहिला तू, खरंच. ऊन पडलं की नुसता चमकतो. … तुह्या गळ्याची आण!

पण बन्सी, त्या फायबरच्या चिलखतात गच्चीवरून उडी मारता यायची नाय तुला… हो, हो… अरे ऐक ना! मला बोलू दे की जरा!

माह्या कापडाच्या ड्रेसात काय खोट होती? … नाय, सांगच. … ते माहीत हाय मला. क्रांती चौकात शूटिंगला पोरं हसली. मी तिथंच उभी होते. 'याला आधी कोणी वाचवा रे' म्हणले. ऐकलं मी बी. … तुला लागलं मनाला, कळतं. मला नाय लागलं? सगळा उन्हाळा त्या ड्रेसापायी मशीनवर बसले मी. बगलेत जादा कापड, गुडघ्याला जादा कापड, खांद्यात फोम भरला, तुहे खांदे जरा भरल्यावानी दिसावेत म्हणून. पळता येत होतं तुला त्यात. बसता येत होतं. लघवीला जाता येत होतं!

… सकाळपासून? … अरे देवा. … पाणी तरी पेला का? … नाय पेला? आता बरं केलं म्हणू का रागावू तुला?

कोण म्हणलं? … तात्यासाहेब व्हय. म्हणणारच ते. कापडातल्या माणसावर लोकाचा भरवसा बसत नाय, चिलखतातल्यावर बसतो. मला बी तेच ऐकवलं. मी म्हणलं, तात्यासाहेब, लोकाला वाचवायचं तर वाकावं लागतं. पडलेलं लेकरू उचलायचं तर गुडघा मोडावा लागतो. ते म्हणले, आशाबाई, तुम्ही शिलाईचं पाहा. … आता तूच सांग, आज तुह्या पायाशी कोणी पडलं, तर काय करशील तू?

… हां. नुसता उभा राहशील. हात वर करून.

खाली येतच नाय हात? … येईन कसा! चिलखत करणारा कडूबा मूर्तीवाला ना. आयुष्यभर देवाच्या मूर्त्या अन् चौकातले पुतळे केले त्यानं. तुला हात वर धरून उभं केलं, अन् तसाच्या तसा साचा काढला अंगाचा. मूर्तीला काय, बसायचं नसतं, वाकायचं नसतं. मी इचारलं होतं, कडूबा, सांधे कुठं ठेवले? तर हसतो. म्हणतो, आक्का, सांधा ठेवला की तिथंच तडा जातो.

नाय, नाय, मी काय त्याला शिव्या देत नाय. काम देखणंच केलंय. पण आत माणूस हाय, हे इसरला ना तो!

बरं, ते जाऊ दे. तू जिन्यानं खाली ये. … काय म्हणतो? पायरीच उतरता यायची नाय? … हां रे, चिलखत वरच चढवलं तुह्या अंगावर, तुकडे नेऊन. … मग उतरव की. पाठीमागं इस्कू असतील… वरून पट्टा चिकटवला फायबरचा? जोड दिसू नये म्हणून? … अन् कडूबा? … पिशोरला? देवीची मूर्ती बसवायला गेला? धन्य हाय!

थांब, तू हलू नको. … हां, हलता येत नाय, माहीत हाय, तोंडातून गेलं. थांब, मी इचारते.

तात्यासाहेब… ओ तात्यासाहेब, जरा ऐकता का? त्याला मोकळा करा हो. आरी लावू, पाठीवर कापू, कडूबा परत जोडून देईन… 

बन्सी? हाय ना लाइनवर? … नाय म्हणतेत. म्हणतेत, सकाळी पूजा झाली चिलखताची. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. पूजा झालेल्या वस्तूला आरी लावायची नाय. … मी काय बोलू त्यांला? तू तर मधी उभा होता पूजेला, तुह्याच छातीला कुंकू लावलं ना! … नाय रे, भांडले तर दोघांला बी हाकलतील. तुहा सिनेमा जाईन. पहिला सिनेमा तुहा… म्हणून तर गप बसले मी इतके दिस.

गाद्या? … हायेत ना. मंगल कार्यालयातून आणल्या. … हां, त्याच, वऱ्हाडी लोळतेत त्या. … जाड? … आता काय सांगू. मंडपवाला आत्ता टेकला एकीवर, तर चटकन उठला कंबर धरून. … खोटं कामून सांगू तुला?

अन् दोर बांधला का कमरेला? … आतून बांधायचा राहिला, अन् चिलखतावरून बसंना. … मग दोर बी नाय. गुडघा बी मोडायचा नाय. बन्सी, तू खांबासारखा पडशील रे. मला लई भेव वाटू राहिलं.

नको ना असं बोलू. … 'होईन ते होईन' कामून म्हणतो? … हो, फ्लेक्स लागलं चौकात, पाह्यलं मी. हो, लई मोठ्ठं हाय. लोकं फोटो काढू राहिले, मान्य. पण फ्लेक्सवरचा बन्सी उडी मारणार नाय, तू मारणार हायेस!

काय? … कठड्यावर पाय चढंना? … पायच उचलंना? अरे मग लई बेस झालं! सुटलो! आता कोणी काय बी म्हणो, उडी रद्द. थांब, सांगते मी…

बद्रीनाथ! अहो, त्याचा पाय चढत नाय कठड्यावर! … काय? … कोण? … अहो नाय, नाय, असं कसं…

बन्सी. ऐक. दोन माणसं वर येऊ राहिलेत. तुला उचलून कठड्यावर ठेवणार म्हणतेत, अन् तिथून सोडणार. ऊन उतरायच्या आत पाहिजे म्हणे. … आले? … धरलं तुला?

काय म्हणला? … हळू बोल. परत म्हण.

… नको?

अरे मग सांग ना त्यांला, नको म्हणून! … सांगू राहिला? … मग ऐकंनात कसे? … बन्सी, ते हसू राहिले वर. त्यांला कळंना रे. मुखवट्यातून शब्दच बाहेर पडंना तुहा. तू जे काय म्हणू राहिला, ते माह्या एकटीच्या कानात येऊ राहिलं!

ओ बद्रीनाथ! नको म्हणू राहिला तो! … अहो, तो हात तयार म्हणून वर नाय केला त्यानं, तो हात तसाच हाय सकाळपासून! तात्यासाहेब, तुम्ही तरी… अहो, माह्या कानात सांगू राहिला, हा घ्या फोन, तुम्हीच ऐका! … नाय घेत. बन्सी, फोन घेईनात ते. म्हणतेत, बाई, बाजूला व्हा, कॅमेऱ्यात येऊ राहिल्या तुम्ही.

कठड्यावर ठेवलं तुला. दिसलं मला. … मी काय करू रे? सांग, काय करू? कोणी ऐकंना माह्यं…

थांब. फोन ठेवू नको. थांब तू.

… हां. हॅलो. हाय मी. … दम लागला जरा. … मी कुठं? गाद्यांवर. मधोमध. मांडी घालून बसले. … हो, बरोबर तुह्या खाली. आता सोड म्हणा त्यांला. बहिणीच्या डोस्क्यावर सोडा म्हणा! … वरडू दे तात्यासाहेबांना. कॅमेऱ्यात येते ना मी? येऊ दे.

… खाली घेतलं? गच्चीवर? … दोन्ही पाय टेकले? … नीट सांग, टेकले ना?

मला? मला काय होतंय. उठत नाय मी इथून. … काय बोलू राहिले ते मला ऐकू यायचं नाय, एका कानात तू हायेस. … गाडी धाडली म्हणे पिशोरला, कडूबाला आणायला. … कवा येईन, देव जाणे. मूर्ती बसवल्याबिगर निघायचा नाय तो. … तवर तुला उभंच राहावं लागीन रे राजा. माह्या हातात काय बी नाय. वर आले तरी पट्ट्याखालचा इस्कू निघायचा नाय माह्यानं.

सिनेमा? … गेला असंल. माहीत नाय. तात्यासाहेब उठून चालले गाडीकडं. … गर्दी? गर्दी हाय अजून. तुह्याकडंच पाहू राहिली.

बन्सी? … अरे… 

रडू राहिला व्हय?

रड. रड बाबा. खालून काय बी दिसत नाय.