माहेरची पिशवी पुण्याला गेली

...आन म्हणं इकोफ्रेंडली! आवो, मी सत्तरी पार केलेला माणूस, चौथीत मास्तरानं तीनदा बसवलेला, मला कुठं सांगता इकोफ्रेंडली? आमच्या शिरूर अनंतपाळात जलमल्यापासून कुणी पिशवी टाकलेली मी पाहिली न्हाई! तुम्हाला सांगतो, आमच्या घरात माणसं चार. मी, माझी बायको गुरम्मा, पोरगा वीरेश आन सून शिवानी. आन पिशव्या? मोजायला तलाठी बोलवावा लागंल. गादीखाली पिशव्या, दारामागं पिशव्या, पिशवीत पिशव्या, त्या पिशवीत आणिक पिशव्या... लातूरच्या साडीच्या दुकानाच्या हायत, खताच्या हायत, लग्नात मिळालेल्या नवरानवरीचं नाव छापलेल्या हायत. त्या नवरानवरीची पोरं आता कॉलेजात जाऊन राहिली, पण पिशवीची घडी मोडली न्हाई! कधी म्हणलं, ‘गुरम्मा, ही फाटकी तरी टाकू का?’ की उत्तर ठरल्यालं.

‘असू द्या. कामाला येतंय.’

तर आमची शिवानी येसर विकती. येसर म्हणजे आमटीत टाकायचा मसाला, आमच्याकडं लग्नकार्यात त्याच्याबिगर पंगत उठत न्हाई. ही पोरगी मोबाईलवर फोटो टाकती आन लोकं पुण्यामुंबईहून मागवत्यात. झकास चाललं होतं. तर एका गिऱ्हाइकानं लिहिलं, चव चांगली हाय पण प्लास्टिक किती गुंडाळता, पृथ्वीचा इचार करा. झालं! शिवानी दोन दिस जेवली न्हाई. म्या म्हणलं, ‘पोरी, पृथ्वीचा इचार तुझ्या सासूनं कवाच करून ठिवलाय, गादी उचलून बघ.’

आन तिनं खरंच उचलली! मी आपली मस्करी केल्ती हो...

मग काय, रोजचा कारखाना. शिवानी पुड्या भरणार, मी दाभणानं पिशवीचं तोंड शिवणार, आन गुरम्मा समोर बसून एकेक पिशवी लेक सासरी धाडल्यावाणी धाडणार. ‘ही कुठं चालली? सोलापूरला? बरं, जवळच हाय. ही ठाण्याला? शिवानी, एवढ्या लांब नको देऊ गं, नवी हाय ती.’ खताची पिशवी मात्र म्या अडवली. म्हणलं, वर युरिया लिहिलंय, माणूस आमटी करंल का वावरात फेकंल? गुरम्मानं ती परत घडी घालून ठिवली. का? कामाला येतंय!

आता माझी चूक ऐका. तुम्हाला खोटं सांगत न्हाई, चूक न्हवती, खोडी होती. सोमवारी गुरम्मा महादेवाच्या देवळात गेल्ती. कुरियरवाला दारात फटफटी चालू ठिवून उभा, ‘मामा, आटपा, मला निलंग्याला जायाचंय,’ आन एक पार्सल बिगरपिशवीचं! शिवानी इकडं पळती, तिकडं पळती. म्या गपचिप कोपऱ्यातल्या ट्रंकेमागून एक पिशवी काढली. खणाच्या तुकड्या तुकड्यांची, जुनी, पण मजबूत. बघू तर म्हणलं, एवढ्या पिशव्यांत एक गेली तर हिला कळतंय का... शिवली आन दिली.

देवळातनं आल्यावर हिला पाव घंट्यात कळलं.

आवो, ती तिच्या मायनं शिवल्याली पिशवी! माय जाऊन वीस वर्सं झाली. दरसाली पंचमीला हिचा भाऊ सिद्रामप्पा मुराळी म्हणून न्यायला येतो, तवा ही तीच पिशवी भरून माहेरी जाती आन भरून परत येती. सत्तेचाळीस वर्सं! आन मला ठावं न्हवतं का? ठावं होतं हो... खोडी काढताना आठवलं न्हाई. गुरम्मा रडली न्हाई, भांडली न्हाई. एवढंच म्हणली, ‘शिवानी, माझ्या भावाला फोन लाव. मी यंदा येत न्हाई म्हणून सांग.’

आन त्या घडीपासून माझ्याशी बोलणं बंद! मी दोन हातावर बसल्यालो आन ही म्हणती, ‘शिवानी, तुझ्या सासऱ्याला सांग, भाकर गार होऊन राहिली.’ शिवानी मला सांगती, ‘मामा, भाकर गार होऊन राहिली.’ मी म्हणतो, ‘ऐकलं.’ शिवानी आत सांगती, ‘आत्या, ऐकलं म्हणत्यात.’ पोरीनं येसर विकावं का टपाल वाटावं?

शेवटी म्या शिवानीकडनं नंबर घेतला आन पिशवी गेल्ती त्या गिऱ्हाइकाला पुण्याला फोन लावला. ऋतुजा म्हणून पोरगी होती. म्हणली, ‘आजोबा, येसर भारी! आणि पिशवी तर काय, मी हॉलमध्ये भिंतीला टांगली!’

‘भिंतीला?’ म्या म्हणलं, ‘लेकी, त्या पिशवीत आमची बाई माहेरी जाती...’

सगळं सांगितलं. खोडीबी सांगितली.  

तशी पोरगी हळूच म्हणली, ‘आजोबा, मी मुखेडची हाय.’ बघा, आमच्याच भागाची निघाली, पुण्याची भाषा क्षणात उतरली! ‘उद्या पाठवती. पण माहेरची पिशवी रिकामी कशी पाठवू?’

तुम्हाला सांगतो, पंचमी दोन दिसावर, तरी पार्सलचा पत्ता न्हाई. सिद्रामप्पा तर पंचमीच्या आदल्या दिशीच येऊन ओसरीवर बसला. म्हणला, ‘अक्का, पिशवी नसली म्हणून काय झालं, भाऊ तर हाय.’  मी मान खाली घालून तंबाखू मळून राहिलो.

तेवढ्यात फटफटी!

खोकं हे एवढं मोठं! वर चिकटपट्टी, आत दुसरं खोकं, आत थर्माकोल, मग ते फुगे फुगे असल्यालं प्लास्टिक, चार येढे! त्याच्या आत प्लास्टिकची पिशवी, आन त्याच्या आत... खणाची पिशवी. लाडवानं गच्च भरल्याली, वर एक हिरवा खण.

इकोफ्रेंडली!

 गुरम्मा पुढं आली. पिशवीला हात लावला, डोळ्याला पदर लावला. सिद्रामप्पाचे डोळे भरले, शिवानीचे भरले. मलाबी कसनुसं झालं. मी आपलं ते फुग्याचं प्लास्टिक हातात घेतलं आन एक फुगा दाबला. फट्! आणिक एक. फट्!

तशी गुरम्मा गर्रकन वळली. अकरा दिसांनी, तुम्हाला सांगतो, अकरा दिसांनी बाईनं सरळ माझ्याकडं बघितलं आन तोंड उघडलं...

‘आवो, फोडू नका ते! कामाला येतंय!’