आठवी खाट

मला बहरीनला नवऱ्याने नाही आणलं. त्याच्या खोलीतल्या पाच जणांनी आणलं!

लग्नाला चार वर्षं झाली तरी मी चिपळूणला आणि हे मनाम्यात. पत्र पंधरा दिवसांनी यायचं. कंपनीचं फॅमिली क्वार्टर नंबराने मिळे, आणि ज्याच्या खोलीत दाटी जास्त त्याचा नंबर आधी. यांच्या खोलीत सहाच जण. म्हणून तपासणीच्या दिवशी त्यांच्यातल्याच रत्नागिरीच्या हमीदभाईंनी शेजारून दोन खाटा आणून आत घुसवल्या.

तपासणीला आलेल्या कंपनीच्या बहरीनी साहेबांनी खाटा मोजल्या आणि आठवीपाशी थांबले. “इधर कौन सोता?”

“साब, वो ड्युटी पे है,” हमीदभाई म्हणाले.

“गादी भी साथ ले गया?”

यांच्या अर्जावर एक नजर टाकून साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“एक आदमी का बीवी के वास्ते पाँच आदमी झूठ बोलता! खलास. बुलाओ उसको.”

आणि मी आले. पहिल्याच शुक्रवारी क्वार्टरचं दार वाजलं. बघते तर पाचही जण, हातात आपापली ताटं घेऊन. हमीदभाईंनी घरभर नजर फिरवली.

“वहिनी, हितं तर दाटीच नाय!”

ती उणीव मग त्यांनी दर शुक्रवारी भरून काढली.