मागच्या डाव्या चाकाची हवा

नाव : सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे. गल्लीत आणि सभांमध्ये ओळख 'भोंगा' अशी आहे. वय : ६३ वर्षे. शिक्षण : नववी, आणि हाताखालून जे जे छापून गेले ते. व्यवसाय : एकतीस वर्षे छापखान्यात जुळारी, खिळे जुळवण्याचे काम, सध्या निवृत्त, बोलावतील तिथे भाषण. राहणार : पाण्याच्या टाकीमागची गल्ली, गतिरोधकासमोरची दुमजली इमारत, वरचा मजला.

मी आज गुरुवारी सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. माझी मोठी बहीण, जिला सगळे ताई म्हणतात, शहराच्या वाचनालयात निवृत्तीनंतरही मानधनावर नोकरीस असून बावीस वर्षांपासून फिरत्या वाचनालयाची व्हॅन चालवते. व्हॅनमध्ये अकराशे चाळीस पुस्तके असतात. दर बुधवारी दुपारी चार वाजता ती व्हॅन आमच्या कोपऱ्यावर उभी राहते आणि साडेसहाला निघते.

मला हौशी रेडिओचा छंद आहे व त्याचा परवाना आहे. माझ्याकडे अंगठ्याएवढी एक यूएसबी पट्टी, तांब्याची सतरा सेंटिमीटर तार आणि लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप आहे. पूर्वी रेडिओत जे काम वेटोळी आणि काटे करत, ते यात प्रोग्राम करतो. हे उपकरण बोलत नाही, फक्त ऐकते. घरात एक तरी ऐकणारे आहे, असे माझी पत्नी म्हणते.

गच्चीवर मी पर्जन्यमापक बसवला आहे. त्यातले पाण्याचे माप बिनतारी खाली येते आणि लॅपटॉप ते फाइलमध्ये लिहितो. हा प्रोग्राम मोफत आहे. जगभरच्या लोकांनी तो फुकट लिहून फुकट वाटला. ज्ञान ही कोणाच्या बापाची जहागीर नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा... इथे हवालदारांनी मला मुद्द्यावर येण्यास सांगितले, म्हणून येतो.

रविवारी सकाळी साडेसहा वाजता ताई वाचनालयाच्या आवारात गेली असता व्हॅन जागेवर नव्हती. तिने सात वाजता या ठाण्यात तक्रार दिली. नऊ वाजता ती आमच्याकडे आली. तिने व्हॅनची चावी टेबलावर ठेवली आणि टीव्हीसमोर बसली. टीव्ही बंद होता. ती दुपारपर्यंत तशीच बसली. वाचनालयाच्या समितीची बैठक शुक्रवारी आहे आणि त्यात फिरते वाचनालय कायमचे बंद करण्याचा ठराव आधीपासूनच होता. गाडीच नाही म्हटल्यावर ठरावाला विरोध कोण करणार, एवढेच ती एकदा म्हणाली.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी पावसाचा आकडा बघायला फाइल उघडली. ती फार फुगलेली दिसली. मग माझी चूक लक्षात आली. फक्त पर्जन्यमापकाचे ऐक, अशी चाळणी प्रोग्रामला लावायची मी चार महिन्यांपूर्वी विसरलो होतो. त्यामुळे त्या लहरीवर जवळपास जे जे बोलले ते सगळे नोंदले गेले होते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या चाकांत हवेचा दाब मोजणारी बोटभर यंत्रे असतात. चाक फिरू लागले की ती अधूनमधून स्वतःचा क्रमांक आणि दाब सांगतात. आमच्या गतिरोधकावर गाड्या हळू होतात, म्हणून ते माझ्या तारेला ऐकू येते. अशा नव्वद हजारांवर ओळी साठल्या होत्या.

येथे मी स्वतःहून नमूद करतो की, गेल्या वर्षी चौकातल्या सभेत मी पाऊण तास बोललो होतो, की कोण कुठे गेला आणि कधी परतला याची वही ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या. फाइल पाहून पत्नी म्हणाली, "वा! भाषण चौकात आणि वही घरात?" यावर मी चष्मा पुसून पुढच्या ओळी वाचू लागलो.

त्या ओळींत चार क्रमांक असे होते की ते नेहमी एकत्र येत, फक्त बुधवारी, चारला आणि साडेसहाला. म्हणजे ती ताईची व्हॅन. तेच चार क्रमांक त्या रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या गल्लीतून गेले होते. त्या वेळी व्हॅन चालवणारी आमच्या घरात बंद टीव्ही बघत होती.

मी ताईला बोलावून ओळी दाखवल्या. तीन चाकांत हवा चाळीस होती. चौथ्यात पस्तीस. चार महिन्यांच्या नोंदींत ते चौथे चाक रोडावतच होते, मध्येच कधी चाळीस व्हायचे आणि परत उतरायचे.

मी म्हणालो, "ताई, दर सोमवारी हवा भरते म्हणतेस ना तू?"

ती म्हणाली, "भरते की."

"यात तीन-तीन आठवडे भरलेली दिसत नाही."

"मेल्या, माझ्यावर पाळत ठेवतोस?" असे म्हणून तिने मला पाठीत धपाटा घातला. ते मागचे डावे चाक असल्याचे तिने कबूल केले. त्यानंतर ती जेवली.

सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी ते क्रमांक पुन्हा गेले. चौथे चाक एकोणतीस. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत उतरायची तेवढी हवा आता एका दिवसात उतरली होती. मी बारा वाजता छापील कागद घेऊन या ठाण्यात आलो. हे हवालदार म्हणाले, "भोंगासाहेब, माणसाची साक्ष घेतो, कुत्र्याचा माग घेतो, पण चाकाचा जबाब कुठल्या रकान्यात लिहू?" माझी याबाबत तक्रार नाही. प्रश्न योग्य होता.

मंगळवारी मी स्वतः गॅलरीत उभा राहिलो. पत्नी लॅपटॉपसमोर बसली. नऊ पन्नासला ती आतून ओरडली, "आली, आली! तेवीस!" त्या क्षणी गतिरोधकावर एक टँकर, एक टॅक्सी आणि तीन पांढऱ्या व्हॅन एकामागे एक होत्या. ताईची व्हॅन निळी असून बाजूला हातभर अक्षरांत 'वाचा' लिहिलेले होते. तशी एकही नव्हती. रंग बदलला होता, पाटीही बदलली असणार. तिघींपैकी कोणती, हे रेडिओ सांगत नाही. मी जिना उतरेपर्यंत तिन्ही गेल्या.

वर आलो तर ताई कागदावर आकडे मांडून बसली होती. पस्तीस, एकोणतीस, तेवीस. ती म्हणाली, "उद्या सतरा. सतरावर गाडी अशी ओढते की शेंबड्या पोरालाही कळेल. चोर असला तरी हवा भरायला थांबेलच ना?"

त्यावरून मी मंगळवारी दुपारी सायकलने त्या रस्त्यावरच्या तिन्ही पंक्चरच्या दुकानांत गेलो. पैकी पुलाजवळच्या दुकानदाराला सगळे 'फुस्स' म्हणतात. त्याचे व माझे बोलणे पुढीलप्रमाणे झाले :

"गाडीचा रंग?"

"बहुतेक पांढरा."

"नंबर?"

"माहीत नाही."

"चालवणारा?"

"माहीत नाही."

"मग माहीत काय आहे, भोंगाशेठ?"

"मागच्या डाव्या चाकात उद्या सकाळी हवा सतरा असेल. बाकी तिन्हींत चाळीस."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "माणसं ऐकेनाशी झाली म्हणून आता चाकांशी बोलता होय?" परंतु त्याने तो आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवला.

बुधवारी सकाळी आठ चाळीसला फुस्सचा फोन आला. तो कुजबुजत होता. तो म्हणाला, "आली. गेजवर सतरा. मला तर काटाच आला अंगावर." त्याने डावे मागचे चाक काढून पाण्याच्या हौदात टाकले होते आणि चालकाला सांगितले होते, की बुडबुडा बारीक आहे, सापडायला वेळ लागेल, समोर चहा घेऊन या. मी लगेच ठाण्यात फोन केला. यावेळी हवालदारांनी रकाना विचारला नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी ते दोन शिपायांसह पुलाजवळ पोचले. चालक दुसरा कप पीत होता. तीन चाकांची गाडी घेऊन पळणे त्याला शक्य नव्हते.

मी आणि ताई सव्वानऊला पोचलो. व्हॅनला पांढरा रंग फासला होता. ऊन तिरके पडले की खालून 'वाचा' दिसत होते. पुस्तकांची कपाटे गाडीला वेल्डिंगने जोडलेली असल्याने चोराला काढता आली नव्हती, म्हणून तो त्यांवर अंड्यांचे ट्रे ठेवून धंदा करत होता. हादऱ्याने अंडी फुटू नयेत म्हणून प्रत्येक ट्रेखाली पुस्तके रचली होती. उरलेली पुस्तके पोत्यांत होती. पंचनाम्यात अकराशे चाळीस पुस्तके भरली. अंडी एकही फुटलेली नव्हती. ताईने प्रत्येक कप्पा पाहिला आणि चोराला विचारले, "जाडीप्रमाणे लावलीस?" तो हो म्हणाला. ती म्हणाली, "आमच्या साहेबांना विषयाप्रमाणेसुद्धा जमत नाही." मग ती गाडीत चढली, चालकाच्या जागेवर बसली आणि हॉर्न वाजवला. बराच वेळ वाजवला. कोणी तिला अडवले नाही.

फुस्सने चाकातून एक टाचणी काढली. तिचे डोके लाल होते. ती वाचनालयाच्या सूचनाफलकाची असल्याचे ताईने ओळखले. टाचणी मुद्देमालात जमा आहे.

ठाण्याच्या साहेबांनी बुधवारी मला सांगितले, की चोरीच्या आणखी तीन गाड्यांचा तपास बाकी आहे, तरी संपूर्ण फाइल द्यावी. त्याबाबत सांगतो की, व्हॅनच्या नोंदींच्या ओळी मी स्वतंत्र छापून दिल्या आहेत. बाकी फाइल त्या दिवशी दुपारी बारा वाजता पत्नीसमक्ष पुसली. त्यात डॉक्टरांकडे गुपचूप जाणारे असतील, नोकरी सुटल्याचे घरी न सांगता रोज वेळेवर निघणारे असतील, पहाटे परतणारे असतील. मी त्यांना ओळखत नाही व ओळखू इच्छित नाही. रस्ता सर्वांचा आहे आणि त्यावरून कोण गेले हे ज्याचे त्याचे. एका ताईची गाडी सापडली म्हणून साऱ्या गावाची वही ठेवणे न्याय्य ठरत नाही. चोर पकडणारी वही आणि माणसे पकडणारी वही एकाच शाईने लिहिली जाते. हे वाक्य भाषण असल्याचे हवालदारांचे मत आहे. ते कायम ठेवावे अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले, लिहा.

ठाण्याच्या जीपमधली हवा किती आहे, असे एका शिपायाने मला विचारले. नोंद पुसल्यामुळे आकडा सांगता येत नाही. नुसत्या डोळ्यांना ती कमी वाटते.

आता प्रोग्रामला चाळणी लावली आहे. त्यातून दोनच गोष्टी ऐकू येतात : गच्चीवरचा पाऊस, आणि ताईच्या व्हॅनची चाके. दुसऱ्यासाठी ताईची लेखी परवानगी आहे. त्या कागदावर तिने 'मेल्या' असा शब्द लिहिला आहे, तो मी खोडलेला नाही.

व्हॅन काल दुपारी चार वाजता लेखी हमीवर ताईच्या ताब्यात मिळाली. कोपऱ्यावर सकाळीच बातमी पोचली होती. चारला रांग लागली, गाडी नसतानाच. पत्नी लॅपटॉपसमोर बसली होती आणि मी गॅलरीत होतो. पाच वाजून दहा मिनिटांनी, गाडी दिसण्याआधी, पत्नीने आतून आकडे वाचले. चाळीस. चाळीस. चाळीस. मग ती थांबली. खाली रांगेतले सगळे वर बघत होते.

चाळीस.

उद्याच्या समितीच्या बैठकीला ती रांग येणार आहे. मीही बोलणार आहे.

वरील मजकूर मी सांगितला तसा हवालदारांनी लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. शेवटचे पान वाचताना त्यांचा आवाज बसला, म्हणून ते मी वाचले. ते बाहेरच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू गेले. मजकूर बरोबर आहे असे त्यांनी सांगितले. माझेही तेच म्हणणे आहे.