निकालात नसलेली ओळ

सांख्यिकीच्या प्रात्यक्षिकात असे निघाले की नवे औषध घेतलेल्या एकाही रुग्णाचे वजन घटलेले नाही. संगणक कक्षात प्रिंटरच्या रांगेत माझ्यापुढे एक परिचारिका आणि तिची वर्गमैत्रीण उभ्या होत्या.

“सिस्टर, सगळ्यांचं उत्तर तेच आलंय. तुम्हीच का अडून बसलात?”

“ही फाइल आमच्या वॉर्डाची आहे. माझ्या बाबांना हेच औषध चालू होतं. नुसता सापळा उरला होता त्यांचा.”

“फाइलमध्ये नावं कुठे आहेत?”

“त्यांची ओळ मीच भरली होती. फाइलमध्ये आहे, निकालात नाही.”

“सरांना विचारलंत?”

“म्हणाले, सॉफ्टवेअरला नातीगोती कळत नाहीत.”

“मग सोडा ना. दहा गुणांसाठी कशाला डोकेफोड?”

“गुण घाल चुलीत. हाच तक्ता उद्या आमच्या रुग्णालयाचे मोठे डॉक्टर बैठकीत दाखवणार, आणि औषध सगळ्या वॉर्डांत सुरू होणार.”

“दाखवा बरं ती ओळ. यात शेवटचं वजन कुठे आहे?”

“घ्यायचं राहिलं. त्याआधीच गेले.”

“एक रकाना रिकामा असला, की सॉफ्टवेअर अख्खी ओळ वगळतं, सिस्टर. विचारतसुद्धा नाही.”

“म्हणजे जे गेले, ते सगळेच वगळले.”

“हो. जगले त्यांचाच निकाल काढला आपण.”