ओवाळणीत कामं घाला

मंडळी, ऐका! गावानं कुणाला काही माफ केलं, तर बदल्यात मागायचं की तोंड शिवून बसायचं? मागणं पाप की धर्म? बरं, कडुसवाडीची अनुसया सांगेल.

ही अनुसया खरमाटे पंचायतीची सदस्य. गावात बाटल्यांचा कारखाना आला. शेठ म्हणाले, "पंचायतीचा कर माफ करा, तुमच्या पोरांना काम देतो." गाव भुललं! ग्रामसभेत हात वर झाले. अनुसयाचाही झाला — तिची लेक वैजू आयटीआय शिकून घरी बसलेली ना! कर बुडाला, रस्त्यावरचे दिवे विझले, नळ दिवसाआड आला. लोक म्हणाले, सोसू. आणि झालं काय? रोज शहरातून कामगारांची बस आत जायची, अन् वैजू फाटकाबाहेर उभी!

वर्षानं माफी वाढवायची सभा भरली. आपली रीत ठाऊक आहे ना? आधी पाहुण्याला फेटा, औक्षण, मग ठराव. ओवाळल्यावर विरोध कोण करणार? तिथंच गाव फसतं! शेठ फेटा बांधून बसले. सरपंच म्हणाले, "अनुसयाताई, ओवाळा."

ती तबक घेऊन उभी राहिली. निरांजन पेटलेलं, पण हात हलेना. शेठनी ओवाळणीची नोट काढली.

"नोट राहू द्या. ओवाळणीत आमच्या लेकरांची कामं घाला."

"बघू की, ताई. आधी ठराव होऊ द्या."

"मागं आधी ठरावच केला होता. आता आधी कामं."

"मग कारखाना शेजारच्या गावात नेतो!"

अनुसयाच्या मनात आलं, खरंच गेला, तर वैजूचं काय? गाव तिलाच बोल लावणार. तरी ती म्हणाली, "न्या. जाईपर्यंत आमचा रस्ता वापरा, कर भरून."

तबक खाली ठेवून तिनं माफीविरुद्ध हात वर केला. एकटीनं! मग मागच्या बाया उठल्या, मग गडीही. माफीचा ठराव पडला.

कारखाना गेला? अहो, यंत्रं काय डोक्यावर घेऊन जाणार? शेठनी कर भरला, अन् पुढच्या वर्षी तरी माफी मिळावी म्हणून गावची पोरं आत घेतली. फक्त वैजूला नाही घेतलं. आईचा राग लेकीवर काढला. अनुसयाला झोंबलं, रडलीही. मग डोळे पुसून म्हणाली, "तिचंही काम घेईन. पुढची सभा आहेच."

म्हणजे मागणं हाच धर्म, मंडळी! टाळ्यांना तुमचे हात बरे उठतात. ग्रामसभेत का मांडीखाली जातात? आज देवापुढं वर करा, आणि उद्या तिथंही खाली घेऊ नका. बोला, विठ्ठल विठ्ठल!